अर्धं-अर्धं एअर हॉकी

काही घरांत फोटो साठतात, काही घरांत रिकामे डबे. आमच्या घरात किस्से साठतात. ते कुणी मुद्दाम ठेवत नाही. जेवताना एकजण एक सांगतो, दुसरा त्यात दुरुस्ती करतो, तिसरा म्हणतो, "आन् ते राहिलंच की," आणि ताटातलं गार होतं. मी सहसा ऐकायचं काम करते. पण एअर हॉकीच्या टेबलाचे किस्से मलाच सांगावे लागतील, कारण त्या दिवसांत आमच्या घरात जे काही बोललं गेलं, ते जवळजवळ सगळं माझ्यामार्फत गेलं.

आधी घर सांगते. पाटसजवळ, हायवेपासून जरा आत, आमचं स्लॅबचं घर आहे. मध्ये एक लांब हॉल. हॉलच्या एका बाजूला आमच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला काकांच्या. पप्पा थोरले, ते कुरकुंभला एका कंपनीत शिफ्टने जातात. काका धाकटे, त्यांचं दौंडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. काकांची गौरी माझ्याच वर्गात. आजोबांना सगळे आबा म्हणतात. त्यांची खुर्ची हॉलच्या मधोमध असते, म्हणजे ते दोन्हीकडचे.

गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत पप्पा एका पॅनेलकडून उभे राहिले आणि काका दुसऱ्याकडून. दोघेही एकमेकांबद्दल माइकवर काहीबाही बोलले. निकाल लागला तेव्हा दोन्ही पॅनेल पडली आणि तिसरंच निवडून आलं. दोन्ही पॅनेलचे लोक दुसऱ्या दिवसापासून एकाच टपरीवर चहा प्यायला लागले. पप्पा आणि काकांचा अबोला मात्र चालू राहिला.

मग ठरलं, की हॉलच्या मधोमध भिंत घालायची. ठरलं म्हणजे पप्पांनी आबांना सांगितलं, काकांनीही आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "एवढ्या दिसांनी तुमचं एका गोष्टीवर एकमत झालंय. आता मी कशाला मोडू."

दारात विटा येऊन पडल्या. गवंडी दत्तूमामांनी हॉलच्या फरशीवर चुन्याची रेघ मारली आणि ते शिक्रापूरला निघून गेले. तिथे कंपन्यांच्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायचं त्यांचं काम चालू होतं. "ते उरकलं की येतो," म्हणाले.

गौरी आणि मी रोज त्या हॉलमध्ये अभ्यासाला बसतो. भिंत झाली असती तर मला तिच्याकडे जायला घराला वळसा घालून, दोन दारं वाजवून जावं लागलं असतं. आम्हाला ती भिंत नको होती. पण आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

*

शिरूरला आत्याकडे गेलो होतो, तेव्हा आत्याने आम्हाला हायवेवरच्या एका हॉटेलात नेलं. तिथे लहानसा गेम झोन होता आणि त्यात एअर हॉकीचं टेबल. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. टेबलाला वरून बारीक-बारीक भोकं असतात. खाली पंखा असतो. त्याची हवा भोकांतून वर येते आणि प्लास्टिकची चकती त्या हवेवर तरंगत सुळकन घसरते. हातात धरायच्या प्लास्टिकच्या मुठीने ती मारायची आणि समोरच्याच्या फटीत घालायची, की गोल.

गौरी खेळली, मी खेळले, आत्यासुद्धा पदर खोचून खेळली. परत येताना एसटीत गौरी बराच वेळ गप्प होती. हे तिच्या बाबतीत काळजीचं असतं. मग म्हणाली, "हे आपल्या हॉलमध्ये मावंल."

मी मान हलवली.

"कडंला न्हाई. मधोमध. रेघेवर."

घरी आल्यावर आम्ही ते मम्मी आणि काकूंच्या कानावर घातलं. नवऱ्यांचा अबोला सुरू झाला तरी या दोघींनी तो कधी सुरू केला नव्हता. मी एकदा मम्मीला विचारलंही होतं. ती म्हणाली, "आम्हाला कुठं वेळ हाय?" काकू विरजणाची वाटी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या, दोघी ओट्याशी उभ्या राहून हळूहळू बोलल्या आणि काकू विरजण न घेताच गेल्या.

त्या दिवशी जेवताना मम्मी पप्पांना म्हणाली, "पलीकडचे हॉलमध्ये खेळाचं टेबल आणतायत म्हणे. चांगलं मोठं."

पप्पांचा घास हातातच राहिला. "हॉलमधी? भिंत व्हायच्या आधीच?"

"मला काय माहीत."

"असं कसं? हॉल अजून दोघांचा हाय. टेबल आणायचं तर निम्मं माझं. निम्म्या हॉलात माझं निम्मं टेबल बसंल."

त्याच वेळी पलीकडच्या स्वयंपाकघरात काकू हेच वाक्य उलट्या बाजूने बोलत होत्या. गौरीने नंतर सांगितलं, की काका ताटावरून उठून म्हणाले, "कुणाच्या टेबलावर माझी पोरगी फुकट खेळणार न्हाई. निम्मं आपलं."

एअर हॉकीचं अर्धं टेबल विकत घेणारी माणसं फार नसतील. आमच्या एका घरात दोन निघाली.

*

टेंपो आला तो भर दुपारी. ड्रायव्हर दूरचा, हिंदी बोलणारा. हायवेवरून त्याने मम्मीला इतक्यांदा फोन केला, की शेवटी गौरी आणि मी फाट्यावर जाऊन उभ्या राहिलो.

खोकी दोन होती. पप्पा आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हिकडं ठेवा."

काका त्यांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हिकडं."

ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं, विटांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि एक खोकं आमच्या दारात, दुसरं काकांच्या दारात ठेवलं. "एक भाई का, एक भाई का," म्हणाला आणि पाणी पिऊन गेला. त्याला आमच्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

आमच्या खोक्यात वरची फळी निघाली, भोकांची. काकांच्या खोक्यात चार पाय, पंखा, सगळे नटबोल्ट, चकत्या, मुठी आणि जोडणीचा कागद.

आता कुणी कुणाकडे जायचं?

पप्पांनी दारातल्या विटा आणल्या, चार ठिकाणी रचल्या आणि त्यावर फळी ठेवली. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "पायावाचून काय अडत न्हाई," म्हणाले.

पलीकडे काकांनी दुकानातून एक प्लायवूड आणलं, त्याला चार पाय ठोकले, खाली पंखा अडकवला आणि चालू केला. प्लायवूडला भोकं नव्हती. पंख्याने काकांच्या खोलीतला सगळा केर बाहेर काढला, तो हॉलमध्ये आबांच्या खुर्चीपर्यंत आला.

आबांनी धोतराने नाक झाकलं. इकडे विटांवरची फळी पाहिली, तिकडे पायांवरचं प्लायवूड पाहिलं आणि म्हणाले, "एकाकडं धड हाय, एकाकडं पाय हायत. मधी आणून जोडा की. का त्याला बी गवंडी आणायचा?"

*

टेबल जोडायला रविवार निघाला. हॉलमध्ये चटई पसरली, फळी उलटी करून ठेवली. एका बाजूला पप्पा पान्हा घेऊन बसले, दुसऱ्या बाजूला काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. मध्ये हातभर अंतर. त्या अंतरात मी.

गौरीला हे काम आधी दिलं होतं. पण ती निरोपात स्वतःचं घालते. "पप्पा म्हणतायत बोल्ट घट्ट करा, आन् मला वाटतं तुम्ही दोघं बी चुकताय," असं तिने पहिल्याच बोल्टला माझ्या पप्पांना सांगितलं. म्हणून तिला काढून मला बसवलं.

पप्पा म्हणाले, "सांग तुझ्या काकाला, पाय वाकडा बसवलाय. डोळे फुटलेत का म्हणावं."

मी काकांकडे वळून म्हणाले, "पाय जरा बघता का?"

काका म्हणाले, "सांग तुझ्या पप्पाला, मी मोटारी उघडून बांधतो. कंपनीत नुसती बटनं दाबत न्हाई."

मी पप्पांकडे वळून म्हणाले, "बघतो म्हणाले."

पप्पांनी काकांकडे पाहिलं. काका वरच्या स्लॅबकडे पाहत होते. पप्पा मला म्हणाले, "एवढंच बोलला व्हय? मगाशी तर लांबलचक बोलत हुता."

"हो," मी म्हणाले.

असं दुपारपर्यंत चाललं. माझा आवाज लहान आहे, त्यामुळे प्रत्येक निरोपाला दोघंही पुढे वाकायचे. एकदा तर दोघांची डोकी एकमेकांना लागली. दोघांनीही मलाच "सॉरी" म्हटलं.

*

शेवटी पंखा राहिला. पंख्याच्या कडेला बाण काढलेला होता, हवा कुठे जाते ते दाखवणारा. पप्पांनी कागद वाचला आणि म्हणाले, "सांग त्याला, बाण वर पायजे."

या निरोपात गाळण्यासारखं काही नव्हतं. मी जसाच्या तसा सांगितला. "काका, बाण वर पायजे."

काकांनी बाण वर करून पंखा बसवला. चार स्क्रू आवळले. मग सगळ्यांनी मिळून टेबल उचलून सरळ केलं, पायांवर उभं केलं. मम्मीने हळदी-कुंकू लावलं, काकूंनी उदबत्ती ओवाळली. पंखा चालू केला. उदबत्तीचा धूर टेबलाकडे वळला आणि भोकांतून खाली गेला.

गौरीने चकती ठेवली आणि मुठीने मारली. चकती जागची हलली नाही. तिने जोरात मारली. चकती दोन बोटं सरकली आणि बसली, चिकटल्यासारखी.

"पीस खराब आलाय," पप्पा म्हणाले.

"परत पाठवा," काका म्हणाले. अर्थात दोघंही माझ्याकडे बघून.

काकूंनी टेबलावर सांडलेलं कुंकू पुसायला रुमाल ठेवला. रुमाल टेबलाला असा घट्ट बसला, की काकूंना तो सोलून काढावा लागला. तेव्हा सगळ्यांना कळलं. पंखा हवा वर फेकत नव्हता, खाली ओढत होता. जोडताना टेबल उलटं होतं. तेव्हा जे वर होतं, ते सरळ केल्यावर खाली गेलं होतं.

पप्पा म्हणाले, "सांग त्याला, टेबल उलटं हाय एवढं कळू नये?"

काका म्हणाले, "सांग त्याला, निरोप जसा आला तसा बसवला."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून मी एकच निरोप न बदलता दिला होता. तो हा.

*

पंखा काढून उलटा बसवला, तेव्हा चकती तरंगायला लागली. टेबल ठेवायचं कुठे, यावर वाद नव्हता. दोघांनाही रेघेवरच हवं होतं. एअर हॉकीच्या टेबलाला मधोमध एक लाल रेघ असते. ती लाल रेघ चुन्याच्या रेघेवर नेमकी यायला हवी, म्हणजे निम्मं टेबल इकडे, निम्मं तिकडे. पप्पांनी टेप लावला. काकांनी आपला टेप आणला, कारण "त्याचा टेप मुळात ताणलेला हाय." दोन्ही टेप सारखेच निघाले तेव्हा दोघांचीही जरा निराशा झाली.

खरी भानगड पुढे झाली. खेळायला लागल्यावर दिसलं, की चकती आपोआप काकांच्या बाजूला घरंगळते. आमच्या हॉलच्या फरशीला तिकडे उतार आहे. फरशी धुतली की पाणी काकांच्या दारातून बाहेर जातं.

"फरशी बसवताना कोण उभं हुतं, ते विचार," काका मला म्हणाले. "पाणी बी माझ्याकडं, गोल बी माझ्याकडं."

टेबलाच्या पायांना खाली फिरवायचे बूच असतात. फिरवले की पाय उंच होतो. दुसऱ्या दिवशी पप्पा कंपनीत गेल्यावर काकांनी आपल्या बाजूचे दोन पाय थोडे उंच केले. संध्याकाळी पप्पांनी चकती ठेवली. ती त्यांच्याकडे घरंगळली. काका दुकानात गेल्यावर पप्पांनी आपले दोन पाय उंच केले. मग काकांनी. मग पप्पांनी. हे सगळं समोरचा घरात नसताना. आणि आम्ही सगळे ते बघत असताना.

आठवडा झाला तेव्हा आबा टेबलाजवळ येऊन उभे राहिले आणि खाली-वर पाहत म्हणाले, "ह्ये वाढतंय का रं? मागच्या आठवड्यात पोटाला लागत हुतं."

गौरीला तर खेळायला पाटावर उभं राहावं लागत होतं.

शेवटी मम्मी आणि काकूंनी एका दुपारी चारही पाय खाली घेतले. मधोमध परात ठेवून तिच्यात पाणी ओतलं. पाणी कुठल्या काठाला जास्त लागतं ते बघत एकेक बूच फिरवलं. टेबल सपाट झालं. दोघींनी परातीतलं पाणी तुळशीला घातलं आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पप्पांनी चकती ठेवली. ती जागेवर राहिली. पप्पा खाली वाकून काकांच्या बाजूचे पाय बघून आले आणि मम्मीला हळूच म्हणाले, "आला सरळ. उतरवले त्यानं पाय."

पलीकडे काका काकूंना हेच सांगत होते.

*

आबांचा आणि टेबलाचा संबंध निराळा. त्यांना खेळात रस नव्हता. पण दुपारी कुणी नसलं की ते खुर्ची टेबलाला लावायचे, पंखा चालू करायचे आणि दोन्ही पाय उचलून टेबलावर ठेवायचे. पोटऱ्यांना खालून गार वारा.

एकदा पप्पांचे कंपनीतले साहेब घरी आले. हॉलमध्ये शिरले, तर लाल-निळ्या टेबलावर दोन पाय आणि खाली पंख्याची घरघर. साहेबांनी चप्पल काढता-काढता अदबीने विचारलं, "आबा, हे दुखण्यासाठी घेतलंय का?"

आबा डोळे न उघडता म्हणाले, "दुखणं दोघांचं हाय. शेक मी घेतोय."

*

पप्पा आणि काका सुरुवातीला स्वतः खेळत नव्हते. समोर उभं राहायचं म्हणजे एकमेकांकडे बघावं लागतं. त्यामुळे त्यांच्या बाजूने आम्ही खेळायचो. पप्पा माझ्या मागे उभे राहून म्हणायचे, "सरळ मारू नको. काठावर आपट, मग जाईल." काका गौरीच्या मागे असायचे. "गौरे, तिच्या तोंडाकडं बघू नको. ती गरीब दिसती. हाताकडं बघ."

मी हरले की पप्पा गप्प जेवायचे. गौरी हरली की काका तिला म्हणायचे, "माझं नाव घालवलंस." मग आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. एक दिवस ती, एक दिवस मी.

हे फार दिवस चाललं नाही. आबांनी ओळखलं. "काल ही जिंकली म्हंजी आज ती जिंकणार," ते म्हणाले. "पोरी वाटून घेतायत. तुमच्यापरीस बऱ्या."

पप्पा मला म्हणाले, "सरक."

काका गौरीला म्हणाले, "सरक गं."

आणि दोघं पहिल्यांदा समोरासमोर उभे राहिले. त्यानंतर रोज. पप्पांची शिफ्ट सुटली की आणि काकांचं दुकान बंद झालं की. तोंडातून शब्द नाही, नुसतं टक-टक, टक-टक. गोल झाला की पप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून विचारायचे, "सांग, किती-किती झाले." समोर काका उभे असायचे. मी सांगायचे. मग काका छताकडे बघून म्हणायचे, "सांग, खेळ चालू कर म्हणावं."

*

मग दत्तूमामांचा फोन आला. शिक्रापूरच्या खोल्या झाल्या होत्या. रविवारी येतो म्हणाले.

मम्मीने जेवताना साधाच प्रश्न विचारला. "भिंत झाल्यावर टेबलाचं काय करायचं?"

हा प्रश्न माझ्याकडून हॉल ओलांडून गेला. काकांचं उत्तर आलं. "सांग त्याला, दुकानात कटर हाय. लाल रेघेवरनं कापू. निम्मं-निम्मं."

पप्पा हात धुऊन हॉलमध्ये आले. "सांग त्याला, काप. पण पंखा बरोबर मधी हाय. तो कुणाच्या वाटणीला येतो, ते आधी ठरव म्हणावं."

काका दारात आले. बराच वेळ टेबलाखाली बघत राहिले. "सांग, पाती वाटून घेऊ."

गौरी टेबलाखाली शिरली आणि बाहेर येऊन म्हणाली, "सात हायत."

दोघंही आत गेले. थोड्या वेळाने गौरीने हॉलमधली तिची पुस्तकं उचलली आणि खोलीत नेऊन ठेवली. मी विचारलं, कशाला. ती म्हणाली, "सवय करून घेते." एरवी ती एवढ्यावर थांबत नाही.

*

रविवारी सकाळी दत्तूमामा आले तेव्हा मॅच चालू होती.

पप्पा रात्रपाळी करून तसेच उभे होते, कंपनीच्या शर्टात. काकांनी दुकान उघडलं नव्हतं. बरोबरी झाली होती आणि पुढचा गोल ज्याचा त्याची मॅच. मम्मी आमच्या दारात, काकू त्यांच्या दारात, दोघींच्या हातात तसंच राहिलेलं काम. आबा खुर्चीत. गौरी आणि मी टेबलाच्या दोन बाजूंना.

दत्तूमामांनी थापी, दोरी आणि ओळंबा खाली ठेवला. "टेबल घ्या बाजूला. ऊन व्हायच्या आत पयला थर चढवतो."

पप्पा चकतीवरची नजर न काढता मला म्हणाले, "सांग त्यांना, थांबा म्हणावं."

काका म्हणाले, "सांग त्यांना, शेवटचा गोल हाय."

दत्तूमामा माझ्या शेजारीच उभे होते. तरीही मी सांगितलं.

दत्तूमामा विटांवर टेकले. टक-टक, टक-टक. पप्पांनी काठावर आपटून मारली, काकांनी अडवली. काकांनी सरळ मारली, पप्पांनी मुठीने थोपवली आणि परत पाठवली. चकती मधल्या रेघेकडे निघाली, आणि पंख्याची घरघर बंद झाली. लाईट गेली होती.

चकती खरडत दोन बोटं गेली आणि थांबली. लाल रेघेवर.

पप्पांनी मूठ पुढे केली. काकांनीही केली.

"हात लावू नको," पप्पा म्हणाले. "माझ्या बाजूला हाय."

मी काकांकडे वळले आणि तोंड उघडलं.

"तुझ्या बाजूला कशी?" काका म्हणाले. "नीट बघ की दादा. निम्म्याच्या वर माझ्याकडं हाय."

"संभा, आंधळा झालास का? ती बघ कड."

"कड बघू नको, मध बघ."

"मध बी हिकडंच हाय."

"तिकडनं तसं दिसतंय. हिकडनं येऊन बघ."

पप्पा टेबलाला वळसा घालून काकांच्या बाजूला गेले. दोघं शेजारी-शेजारी वाकले, डोकी जवळ, एकेक डोळा मिटलेला. मी उघडलेलं तोंड मिटलं. मम्मीच्या हातातली पळी तशीच होती. आबांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला.

"आता हिकडनं बघ," पप्पा म्हणाले आणि काकांना आमच्या बाजूला घेऊन आले.

"ह्याला दोरी लावल्याबिगर कळायचं न्हाई," काका म्हणाले. "दत्तूमामा, दोरी आणा तुमची."

दत्तूमामा दोरी घेऊन उठले. एक टोक पप्पांच्या हातात दिलं, दुसरं काकांच्या. स्वतः गुडघ्यावर बसले आणि दोरीखालून एका डोळ्याने चकती बघितली. मग दुसऱ्या डोळ्याने बघितली. "ताणून धरा," म्हणाले. दोघांनी ताणून धरली. मामांनी ओळंबा सोडला. तो हलायचा थांबला.

"केसाएवढा बी फरक न्हाई," मामा म्हणाले.

"मग लाईट येऊस्तवर कुणी हात लावायचा न्हाई," पप्पा म्हणाले.

"दोरी बी सोडायची न्हाई," काका म्हणाले.

लाईट काही येत नव्हती. काकूंनी दोघांना दोरी धरलेलीच ठेवून चहा दिला. एका हातात दोरी, एका हातात कप. पप्पा म्हणाले, त्या चहात साखर कमी आहे. काका म्हणाले, "तुला शुगर निघंल ह्या वयात, कमीच घे." गौरी हळूच आत गेली आणि तिची पुस्तकं घेऊन आली.

इतक्यात दत्तूमामांचा फोन वाजला. शिक्रापूरचे त्यांचे ठेकेदार होते. भिंत कुठपर्यंत आली, दुसरीकडे कामाला कधी येताय, असं विचारत असावेत. मामा दारात जाऊन, एक बोट कानात घालून मोठ्याने म्हणाले, "न्हाई ओ शेठ, सुरूच न्हाई झाली. चकती रेघेवर हाय."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"आता ते फोनवर कसं सांगू," मामा म्हणाले. "तुम्ही दुसरा गवंडी बघा."